वायच सर गो

पनवेल स्थानकातून सकाळची चिपळूण गाडी सुटली तेव्हा तिच्यात एकही बाक मोकळा नव्हता. तरी वडखळ येईपर्यंत आणखी नऊ-दहा माणसं चढली, आणि कशी कोण जाणे, बहुतेक सगळी बसली. माझ्या शेजारी महाडला निघालेल्या एक आजी टेकल्या. मांडीवर पिशवी, पिशवीत केळीच्या पानात गुंडाळलेलं काहीतरी. बसण्याआधी त्या एवढंच म्हणाल्या, "वायच सर गो, बाय." मी सरकले. माझ्यामुळे खिडकीकडची मुलगी सरकली. दोघांच्या बाकावर तिघी मावलो.

मुंबईहून गोव्याला जायला रात्रीच्या झोपून जायच्या गाड्या आहेत. पडदा ओढायचा आणि सकाळी म्हापशाला डोळे उघडायचे. कोकण रेल्वे आहे, विमान आहे. मला मात्र हा रस्ता दिवसाउजेडी, बसून, टप्प्याटप्प्यानं जायचा होता. त्याचं कारण 1972 सालचा एक सिनेमा. लहानपणी रविवारी संध्याकाळी शेजाऱ्यांच्या घरी दूरदर्शनवर 'बॉम्बे टू गोवा' पाहिला, तेव्हापासून बसचा प्रवास म्हटलं की मला तीच बस दिसते. तिच्यात झोपाळू केश्टो मुखर्जी आहे, भज्यांसाठी हंबरडा फोडणारा गुबगुबीत पोरगा आहे, आणि दारात उभा राहून सगळ्यांवर हुकूम चालवणारा कंडक्टर महमूद आहे.

त्या सिनेमाचा उगम मुंबईतही नाही आणि गोव्यातही नाही. 1966 साली तमिळमध्ये 'मद्रास टू पाँडिचेरी' नावाचा विनोदी चित्रपट आला. रविचंद्रन आणि कल्पना ही जोडी, सोबत नागेश. घरातून पळालेली मुलगी, तिच्या मागे लागलेले गुंड, तिच्यावर जीव जडलेला तरुण आणि या सगळ्यांना पोटात घेऊन धावणारी एक बस. महमूद यांचा मद्रासच्या चित्रसृष्टीशी जुना घरोबा होता. नागेश यांनी 'सर्वर सुंदरम'मध्ये गाजवलेली भूमिका त्यांनी 'मैं सुंदर हूँ'मध्ये हिंदीत केली, ती 1971 साली. पुढच्याच वर्षी एन. सी. सिप्पी यांच्या जोडीनं निर्माते होऊन त्यांनी ही बसही हिंदीत आणली. दिग्दर्शन एस. रामनाथन यांचं, संगीत राहुल देव बर्मन यांचं, गीतं राजेंद्र कृष्ण यांची.

कथा उचलणं सोपं होतं. रस्ता बदलणं हे खरं काम. मद्रास ते पाँडिचेरी म्हणजे दीडशे किलोमीटरच्या आसपासचा, अर्ध्या दिवसात संपणारा प्रवास. मुंबई-गोवा त्याच्या जवळजवळ चौपट. एवढ्या वेळात माणसाला भूक लागते, झोप येते, भांडण होतं, भांडण मिटतं, आणि शेजारी बसलेल्या परक्याचं नाव-गाव-पोरंबाळं कळून चुकतात. प्रेमकथेला लागणारी सवड अंतरानंच दिली. शिवाय गोवा! तो मुक्त होऊन तेव्हा पुरती अकरा वर्षंही झाली नव्हती. पोर्तुगिजांची हद्द म्हणून ज्या दिशेला कालपर्यंत पहारे होते, तिकडे आता कुणीही तिकीट काढून जाऊ शकत होतं. हिंदी प्रेक्षकाला त्या नावात समुद्र दिसायचा आणि मोकळीकही.

वडखळ गेलं, नागोठणे गेलं. रस्ता कुठे चौपदरी, कुठे खोदलेला, कुठे नुसतेच उभे खांब. जुना सतरा क्रमांकाचा हा महामार्ग आता 66 क्रमांकाचा झाला आहे. त्याचं रुंदीकरण सुरू झालं तेव्हा प्राथमिक शाळेत असलेली मुलं आता नोकरीला लागली आहेत. कंडक्टर तिकिटं देत मागे आला. आजींनी कार्ड पुढे केलं. पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना 2022 पासून एसटी फुकट आहे, आणि 2023 पासून बायकांना अर्धं तिकीट. आजींना शून्य रुपयांचं तिकीट मिळालं, ते त्यांनी घडी घालून कमरेच्या पिशवीत अगदी जपून ठेवलं. फुकट असलं तरी ते तिकीट होतं. त्यावर त्यांचं या गाडीतलं हक्काचं बसणं लिहिलेलं होतं.

महमूद यांच्या बसमध्ये ड्रायव्हरचं नाव राजेश आणि कंडक्टरचं नाव खन्ना. त्या काळात राजेश खन्नांच्या नावानं देश वेडा झाला होता. प्रेक्षकाला ही गंमत पहिल्याच हाकेत कळायची. ड्रायव्हर झाले होते महमूद यांचे धाकटे भाऊ अन्वर अली. सिनेमाच्या घडणीची खरी गोष्ट या अन्वर अलींपासून सुरू होते, आणि ती गोष्टही गोव्याच्याच वाटेवरची आहे.

1969 साली ख्वाजा अहमद अब्बास यांनी 'सात हिंदुस्तानी' काढला. देशाच्या वेगवेगळ्या प्रांतांतले सात जण पोर्तुगीज अमलाखालच्या गोव्यात चोरून शिरतात आणि तिरंगा फडकावतात, अशी ती कथा. अब्बास यांनी मुद्दाम प्रांतांची अदलाबदल केली होती. बंगाली उत्पल दत्त पंजाबी झाले, जलाल आगा पोवाडे गाणारा मराठी गडी झाला. अलाहाबादचा एक उंच, किडकिडीत तरुण बिहारमधला उर्दू शायर झाला. हा अमिताभ बच्चन यांचा पडद्यावरचा पहिला चित्रपट. अन्वर अली त्या सातांतलेच एक. तिथे जमलेली मैत्री मुंबईतही टिकली. अमिताभ यांना राहायला धड जागा नव्हती, तेव्हा अन्वर यांनी त्यांना आपल्याबरोबर महमूद यांच्या घरी ठेवून घेतलं.

पुढच्या दोन-तीन वर्षांत 'आनंद'मधला डॉक्टर सोडला तर अमिताभ यांच्या पदरात फारसं काही पडलं नाही. एकामागून एक सिनेमे आपटत होते. उंची जास्त, अंग सडपातळ, चेहरा रूढ नायकाचा नाही. अशा नटावर पैसा लावायला कुणी धजावत नव्हतं. महमूद धजावले. तेव्हाचा महमूद म्हणजे नुसता विनोदी नट नव्हे; पोस्टरवर त्याचं नाव असलं की तिकीटविक्रीची खात्री असे, आणि नायक ही गोष्ट जाणून असत. घरी राहणाऱ्या मुलाला त्यांनी आपल्या बसमध्ये नायकाची जागा दिली. हा सिनेमा मी जितक्या वेळा आठवते तितक्या वेळा मला याच गोष्टीचं मोल वाढलेलं वाटतं. माणूस स्वतः ऐसपैस बसलेला असताना दुसऱ्यासाठी सरकतो, त्याला मन लागतं. महमूद यांनी हे एकदाच केलं असंही नाही. राहुल देव बर्मन यांचा संगीतकार म्हणून प्रदर्शित झालेला पहिला चित्रपट 'छोटे नवाब', 1961 सालचा, तोही महमूद यांचाच होता.

महाड जवळ आलं, त्याच्या पुढे सावित्रीचा पूल होता, आणि गाडीतली बोलणी एकदम हळू झाली. आजींनी खिडकीकडे तोंड करून हात जोडले. 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री तिथला ब्रिटिशांच्या काळातला दगडी पूल पुरात वाहून गेला आणि त्याच्याबरोबर राजापूर-बोरिवली आणि जयगड-मुंबई या दोन एसटी गाड्या गेल्या. वर्षाच्या आत नवा पूल उभा राहिला. त्यावरून गाडी अर्ध्या मिनिटात पार होते. "माझ्या भावजयीचा भाचा होता त्यात," आजी म्हणाल्या. पुढे काही बोलल्या नाहीत. महाडला उतरताना त्यांनी पिशवीतलं ते केळीचं पान उघडून दोन पातोळे माझ्या हातावर ठेवले.

महाड स्थानकात गाडी वीस मिनिटं थांबली. मी कॅन्टीनमधून कांदाभजी घेतली, कागदाच्या पुडीत, वर तळलेली मिरची. गाडीत येऊन पुडी उघडली तर वासानं चार माना वळल्या, आणि त्या क्षणी तो सिनेमातला पोरगा डोळ्यांसमोर उभा राहिला. एवढ्या वर्षांत लोक त्यातला खून विसरले, गुंड विसरले. भज्यांसाठी रडणारा मुलगा मात्र कुणीही विसरलेलं नाही.

याचं कारण त्या पटकथेच्या कारागिरीत आहे. बसच्या आत सिनेमा करायचा म्हणजे जागा तेवढीच, चेहरे पुष्कळ. कुणाची पूर्वकथा सांगत बसायला वेळ नाही. मग प्रत्येकाला एकच ठसठशीत खूण द्यायची आणि ती घासून घासून चकाकवायची. केश्टो मुखर्जी डुलक्या घेतो. पोरगा खायला मागतो. शिवाय मुक्री आहेत, असित सेन आहेत, सुंदर आहेत. हे सगळे स्वतंत्र प्रहसन पेलू शकणारे नट, एका दांड्याला लटकल्यासारखे एकत्र आणले आहेत. आणि आपल्या येवल्याच्या ललिता पवार! 1942 साली एका चित्रीकरणात बसलेल्या थपडेनं त्यांचा डोळा अधू झाला, नायिकेच्या भूमिका संपल्या, आणि पुढची चार दशकं त्या नुसत्या नजरेनं पडदा भारून टाकत राहिल्या. या बसमधली त्यांची जागा लहान आहे, पण त्या ज्या बाकावर बसतात तो बाक आपोआप जड होतो.

सगळंच उत्तम आहे असं मी म्हणणार नाही. शत्रुघ्न सिन्हा आणि मनमोहन यांचा खलनायकी धागा सरधोपट आहे. अरुणा इराणी यांनी रंगवलेली माला सिनेमात जायच्या नादानं बापाचे पैसे घेऊन निघते, डोळ्यांदेखत खून पाहते आणि जीव मुठीत घेऊन बस पकडते. तिच्या भीतीला पटकथा पुरेसा वेळ देत नाही. प्रांताप्रांतांच्या उच्चारांवर केलेले काही विनोद आज टोचतात, आणि टोचायलाच हवेत. पण बस चालू झाली की सिनेमाचा श्वास मोकळा होतो. मध्येच एका गोंधळात किशोर कुमार स्वतःच किशोर कुमार म्हणून गाडीत येतात, आणि प्रवाशांना जो आनंद होतो तो खराखुरा वाटतो. क्लबात उषा अय्यर, म्हणजे पुढच्या उषा उथुप, इंग्रजी गाणं गातात. एका तिकिटात केवढं बसवलं होतं!

कशेडीचा घाट आता बोगद्यातून पार होतो. जवळजवळ दोन किलोमीटरचा अंधार आणि पलीकडे रत्नागिरी जिल्हा. पूर्वी या घाटात गाडी लागायची, पोरं ओकायची, बायका लिंबू हुंगायच्या. परशुराम घाटातून वाशिष्ठीचं पात्र दिसलं आणि चिपळूण आलं. तिथून मी रत्नागिरीची गाडी धरली. संगमेश्वरच्या पुढे निवळी फाट्यावर गणपतीपुळ्याची पाटी दिसली आणि मागच्या बाकावरची दोन कॉलेजची मुलं एकदम हसली. "लालू कंडक्टर!" एक म्हणाला.

मला अगदी हेच ऐकायचं होतं. 2004 साली सचिन पिळगांवकर यांनी 'नवरा माझा नवसाचा' काढला. बापानं बोललेला चमत्कारिक नवस फेडायला नवरा-बायको एसटीनं मुंबईहून गणपतीपुळ्याला निघतात, आणि त्या गाडीचे कंडक्टर असतात अशोक सराफ. महमूद यांच्या बसचं हे मराठी भावंड आहे, हे कुणी सांगायला नको. मद्रासहून निघालेली गाडी मुंबई-गोव्याच्या वाटेनं येऊन कोकणातल्या देवळाशी थांबली. फरक एवढा की मराठीत आल्यावर ती खऱ्या अर्थानं एसटी झाली. लाल रंग, दुहेरी घंटा, सुट्ट्या पैशांवरून होणारी हुज्जत, सगळं आपलं. मागच्या बाकावरच्या मुलांचा जन्म त्या सिनेमानंतरचा असणार. त्यांनी लालू कंडक्टरचा एक अख्खा प्रसंग मला म्हणून दाखवला.

रात्री रत्नागिरीत मुक्काम केला आणि झोपण्याआधी फोनवर 'देखा ना हाय रे'चं चित्रीकरण पुन्हा पाहिलं. अमिताभ बसच्या चिंचोळ्या वाटेत नाचतात, बाकांवर वाकतात, प्रवाशांच्या गालांना हात लावतात. या गाण्याची हकीकत महमूद यांनी नंतर मुलाखतीत सांगितली होती. अमिताभ यांना नाचता येत नाही याची एवढी धास्ती होती की अंगात ताप भरला. आपल्याला हे जमणार नाही असं सांगताना ते रडले. महमूद यांनी त्यांना समजावलं, आणि मग युनिटमधल्या सगळ्यांना गुपचूप सांगून ठेवलं की शॉट कसाही होवो, टाळ्या वाजवायच्या. पहिल्या शॉटला पावलं चुकली, तरी टाळ्या पडल्या. त्या टाळ्यांनी ताप उतरवला. हे माहीत असल्यावर गाणं पाहताना मी अमिताभकडे कमी आणि बाकांवर बसलेल्या बाकीच्यांकडे जास्त पाहते. ते सगळे त्याच्याकडे बघून हसताहेत, मान डोलावताहेत. त्यातला अभिनय किती आणि पोराला सांभाळून घेणं किती, हे वेगळं काढता येत नाही.

याच सिनेमातल्या एका मारामारीनं पुढचा इतिहास घडवला. उपाहारगृहात शत्रुघ्न सिन्हांकडून ठोसा खाऊन अमिताभ पडतात आणि उठतात, तेव्हाही त्यांचं चघळणं थांबलेलं नसतं. सलीम-जावेद यांनी ते पाहिलं. मार खाऊन उठणारा माणूस इतका शांत राहू शकतो, तर हाच आपला इन्स्पेक्टर विजय, असं त्यांच्या मनात बसलं. बड्या नटांनी नाकारलेली 'जंजीर' अमिताभ यांच्याकडे आली ती त्या जोडीच्या आग्रहामुळे. मे 1973 मध्ये 'जंजीर' लागला आणि पुढचं सगळ्यांना ठाऊक आहे. रागावलेल्या तरुणाचं ते रूप आधी एका हसऱ्या बसमधून प्रवास करून आलं होतं, ही गोष्ट मला फार आवडते.

दुसऱ्या दिवशी लांजा, राजापूर, खारेपाटण, कणकवली, कुडाळ. भाषा दर तासाला थोडी वळत होती. रत्नागिरीतलं 'काय करतेस गो' कुडाळात 'काय करतंस गे' झालं. सावंतवाडीत गाडी बदलली, बांद्याला उतरले आणि रिक्षा करून पत्रादेवीला गेले.

महाराष्ट्राची हद्द इथे संपते. नाक्याजवळ हुतात्म्यांचं स्मारक आहे. 15 ऑगस्ट 1955 रोजी देशभरातून आलेल्या नि:शस्त्र सत्याग्रहींनी वेगवेगळ्या वाटांनी ही हद्द ओलांडली आणि पोर्तुगीज शिपायांनी गोळ्या झाडल्या. वीसहून अधिक जण मारले गेले. इथे पत्रादेवीला मध्य प्रदेशातल्या सागरच्या सहोदराबाई राय झेंडा घेऊन पुढे होत्या. त्या गोळी लागून जखमी झाल्या, आणि पंजाबातून आलेला तरुण कर्नेलसिंग बेनिपाल पुढे सरला. तो इथेच पडला.

मी बराच वेळ उभी होते. मालाचे ट्रक धडधडत जात होते. अब्बास यांच्या सात जणांची कल्पना कुठून आली असेल हे इथे आल्यावर विचारावं लागत नाही. त्यांचे सात प्रांत या मातीवरून खरोखर चालून गेले होते. आणि त्या सातांतले दोघे, अमिताभ आणि अन्वर अली, तीनच वर्षांनी पुन्हा गोव्याकडे निघाले ते एक प्रवासी आणि एक ड्रायव्हर म्हणून, सगळ्या प्रांतांची माणसं गाडीत भरून, गात. पहिल्या सिनेमात गोव्यात शिरायला जीव पणाला लावावा लागतो, दुसऱ्यात तिकीट पुरतं. मधे स्वातंत्र्य आहे. 'बॉम्बे टू गोवा'ला नुसता हलकाफुलका म्हणून बाजूला ठेवणाऱ्यांना मी एकदा पत्रादेवीवरून जायला सांगेन.

पेडण्याची गाडी मिळाली, तिथून म्हापसा. शुक्रवार होता. म्हापशाच्या बाजाराचा दिवस. पणजीच्या बसमध्ये टोपल्या, नारळ, चोरिसांच्या माळा, पाव आणि माणसं यांची खच्चून दाटी झाली होती. कंडक्टर पोरगेलासा होता. "फुडें सर, फुडें सर," म्हणत तो सगळ्यांना आत लोटत होता आणि स्वतः दारात एका पायावर लोंबकळत होता. एक प्रौढ बाई टोपली सावरत माझ्या बाकाशी आली. तिनं तोंडानं काही म्हटलंच नाही, नुसती हनुवटी हलवली. मी सरकले.

पर्वरीचा उतार लागला. तिनं टोपलीतून वर्तमानपत्राची पुडी काढली. मिरचीची भजी. एक स्वतः घेतलं आणि पुडी माझ्या मांडीवर ठेवली. मांडवीच्या पुलावर गाडी चढली तेव्हा पुडीत दोनच उरली होती, आणि पुढच्या बाकावरचा एक मुलगा मान वळवून त्या दोन भज्यांकडे बघत होता.